बाळंतिणीच्या खोलीतील झुलती खुर्ची: मापे, लाकूड आणि निवड

झुलती खुर्ची, म्हणजे रोजच्या बोलण्यातली रॉकिंग चेअर, बाळाच्या खोलीसाठी घेतली जाते ती बाळाला पाजायला, ढेकर काढायला आणि जोजवायला. तिचा फायदा बाळाला होतोच, पण भार सोसते ती आईची पाठ, मान आणि खांदे. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा पिते. एका खेपेला दहा मिनिटे लागतात, कधी अर्धा-पाऊण तासही जातो. सुरुवातीच्या आठवड्यांत आई दिवसाचे काही तास एकाच जागी, हातात तीन किलोंचे ओझे घेऊन, मान खाली घालून बसलेली असते. पाच-सहा महिन्यांत ते ओझे दुप्पट होते. म्हणून खुर्चीची निवड बसणारीच्या शरीराच्या मापांपासून सुरू करावी लागते. रंग, नक्षी आणि गादीचे कापड यांचा विचार त्यानंतरचा.

मापांइतकाच प्रश्न जागेचा असतो. भिलाईतली घरे याचे उदाहरण म्हणून घेऊ. छत्तीसगडमधील भिलाई हे शहर पोलाद कारखान्याभोवती वाढले. तो कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. नोकरीच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबेही होती. कारखान्याच्या सेक्टरांतील क्वार्टरांबाहेर स्मृती नगर, नेहरूनगर, जुनवानी, कोहका अशा भागांत खाजगी घरे आणि सदनिका उभ्या राहिल्या. अशा घरांत बाळासाठी वेगळी खोली क्वचितच असते. बाळंतिणीची खोली हीच बाळाची खोली. त्या दहा बाय बाराच्या जागेत पलंग, कपाट, पाळणा आणि सव्वा महिन्याच्या शेक-मालिशीचे सामान मावून उरलेल्या कोपऱ्यात खुर्ची बसवायची असते.

झुलत्या खुर्चीला लागणारी जागा दुकानात दिसते त्याहून जास्त असते. सामान्य खुर्ची ६५ ते ७० सेंमी रुंद आणि सुमारे एक मीटर लांब असते. झुलताना पाठ मागे जाते, पुढे पाय पसरतात, शिवाय बाळाला घेऊन उठायला समोर मोकळी जागा हवी. म्हणून पुढे-मागे मिळून दीड ते पावणेदोन मीटरचा पट्टा धरावा. पाठीमागे भिंतीपासून किमान ३० सेंमी अंतर ठेवले नाही, तर पाठीचा वरचा काठ भिंतीवर आपटून रंग उडतो आणि आवाजाने बाळ दचकते. खरेदीआधी जमिनीवर खडूने तेवढा चौकोन आखून, कपाटाचे दार आणि पाळण्याचा झोका त्यात येत नाही ना, हे पाहून घ्यावे.

झुलण्याने बाळ का शांत होते, हे आता बऱ्यापैकी उलगडले आहे. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी इंद्रिये असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याचे ओळखतात, आणि सूक्ष्म स्फटिक असलेल्या दोन पिशव्या सरळ रेषेतली हालचाल व गुरुत्वाकर्षण ओळखतात. ही इंद्रिये जन्माआधीच काम करू लागतात. जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात दाखवले, की आईने सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला कडेवर घेऊन चालायला सुरुवात करताच त्याचे रडणे व हातपाय झाडणे कमी होते आणि हृदयाचे ठोकेही मंदावतात. त्याच गटाच्या २०२२ च्या अभ्यासात नुसते मांडीवर घेऊन बसल्याने रडणारे बाळ तितके शांत झाले नाही. चालण्याची किंवा हलत्या पाळण्याची हालचाल मात्र उपयोगी पडली. बाळाला पाच मिनिटे घेऊन चालावे, झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे मांडीवर घेऊन बसावे आणि मगच खाली ठेवावे, असा त्या संशोधकांचा सल्ला आहे. झुलती खुर्ची हे दोन्ही टप्पे एकाच जागी जमवते. आधी हालचाल, मग स्थिर बैठक. चालण्याची बरोबरी ती पूर्णपणे करत नाही, पण टाके ओले असलेल्या बाळंतिणीला रात्री दोन वाजता येरझाऱ्या घालणे शक्य नसते, तेव्हा तिचा उपयोग कळतो.

पाळण्याला आणि बंगईला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पायांखाली वाकड्या पट्ट्या असलेली खुर्ची मात्र अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत रूढ झाली आणि इंग्रजी अमदानीत इथे आली. ती बेंजामिन फ्रँकलिनने शोधली असे सांगितले जाते, त्याला आधार नाही. ऑस्ट्रियातील मिखाएल थोनेटने १८६० च्या सुमारास बीच लाकूड वाफेवर वाकवून वेताच्या बैठकीची डौलदार झुलती खुर्ची बाजारात आणली. जुन्या वाड्यांत व बंगल्यांत दिसणाऱ्या अनेक गोलाईदार खुर्च्यांवर तिची छाप आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी पाठदुखीसाठी डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांच्या सल्ल्याने झुलती खुर्ची वापरली आणि तिला पुन्हा मागणी आली. चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याने १९५० मध्ये फायबरच्या बैठकीची झुलती खुर्ची तयार केली. ती बनवणारी हर्मन मिलर कंपनी कर्मचाऱ्याच्या घरी मूल जन्मले की ती भेट देत असे. याच ईम्स जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीयांच्या शरीरमापांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या विषयाला हाच धागा सर्वांत उपयोगी आहे. परदेशी नमुन्यावर बनलेली खुर्ची भारतीय बाईला अनेकदा उंच आणि खोल पडते. पाय लोंबकळतात, किंवा पाठ टेकायला मागे सरकावे तर गुडघ्यामागे काठ रुततो.

मापे पुढीलप्रमाणे तपासावीत. बैठकीची उंची गादी दबल्यावर जमिनीपासून ३८ ते ४२ सेंमी असावी. पावले पूर्ण टेकली पाहिजेत, कारण झुलण्यासाठी जोर पावलांनीच लावायचा असतो. सिझेरियन झालेल्या बाईला उठताना पोटावर ताण येतो. तिला या मर्यादेतली उंच बाजू सोयीची पडते, फार खोल व बुडणारी बैठक त्रासाची ठरते. बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या काठापासून पाठीपर्यंतचे अंतर, ४२ ते ४६ सेंमी पुरते. पाठ टेकून बसल्यावर काठ आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटांची फट राहिली पाहिजे. दोन हातांमधली आतली रुंदी ५० सेंमीपेक्षा कमी नको. पाजताना मांडीवर उशी घ्यायची असेल तर ५५ सेंमी बरी.

खुर्चीचे हात हा बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा भाग. बाळाचे डोके आईच्या कोपराच्या वळणात असते. तो कोपर टेकला नाही तर सगळे वजन खांद्यावर येते. खांदे सैल सोडून कोपर जिथे येतो तिथेच खुर्चीचा हात असावा. बहुतेक स्त्रियांत हे माप दबलेल्या बैठकीपासून १८ ते २२ सेंमी भरते. हात रुंद, सपाट आणि कडा गोल केलेले हवेत. नक्षीकाम केलेल्या गोल, निमुळत्या हातावरून कोपर सारखा घसरतो. मात्र बाळाचे अंग काखेखालून मागे नेऊन पाजायचे असेल, आणि सिझेरियननंतर किंवा जुळ्यांसाठी ही पद्धत बऱ्याचदा सुचवली जाते, तर हातांमधून जागा हवी. अशा वेळी रुंद बैठक आणि बाजूला घट्ट उशी असा उपाय करता येतो.

पाठ बैठकीपासून ६५ ते ७५ सेंमी उंच असली की मान व डोके टेकते. पाठ आणि बैठक यांतला कोन काटकोनापेक्षा थोडा मोठा, १०० ते ११० अंशांचा असावा. त्याहून जास्त रेलती आरामखुर्ची पेपर वाचायला छान, पण तीत बाळाला स्तनाजवळ आणण्यासाठी आईला सतत पुढे वाकावे लागते. कमरेच्या पोकळीत लहान लोड किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवल्यास आधार मिळतो. पायांखाली १० ते १५ सेंमी उंचीचे स्टूल किंवा घरातला पाट घेतला की मांडी किंचित वर येते, बाळ छातीच्या पातळीवर येते आणि मान कमी झुकते. त्या वेळी खुर्ची स्थिर असते, म्हणून पाट सहज ओढता व ढकलता यावा.

बाजारात मिळणाऱ्या खुर्च्या तीन जातींच्या असतात. पहिली पारंपरिक, पायांखाली वाकड्या पट्ट्यांची. तिचा यंत्राशी काही संबंध नसल्याने ती पिढ्यान् पिढ्या टिकते. दुसरी ग्लायडर. तिचा खालचा सांगाडा जमिनीवर स्थिर राहतो आणि बैठक दांड्यांवर टांगलेली असल्याने पुढे-मागे सरकते. तिची हालचाल सपाट व शांत असते, जमिनीवर बोटे चिरडायचा धोका कमी असतो, पण बेअरिंग आणि सांधे झिजतात व दांड्यांमध्ये फटी असतात. तिसरी सोफ्यासारखी गुबगुबीत, कळ दाबून मागे रेलणारी आणि झुलणारीही. ती जड असते, जागा खाते आणि मे महिन्यात अंगाला चिकटते. छताला टांगायचा वेताचा झुला मुलांना आवडतो, मात्र तो गोल फिरतो, पाय टेकत नाहीत आणि बाळाला घेऊन त्यातून उठणे अवघड असते. पाजण्यासाठी तो घेऊ नये.

पारंपरिक खुर्चीचे झुलणे पट्ट्यांच्या वळणावर ठरते. पट्टी हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा समजला, तर त्या वर्तुळाची त्रिज्या बऱ्याच चांगल्या खुर्च्यांत १०० ते ११५ सेंमी असते. खुर्ची आणि बसलेली व्यक्ती यांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६० सेंमीवर येतो. तो वर्तुळाच्या केंद्राखाली असेपर्यंत खुर्ची प्रत्येक झोक्यानंतर आपोआप मूळ जागी येते. या मापांत एक पूर्ण झोका सुमारे दोन सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला तीसच्या आसपास. हा ठेका पाजायला आणि जोजवायला शांत वाटतो. पट्टीचे वळण जास्त तीव्र असेल, म्हणजे त्रिज्या कमी असेल, तर खुर्ची परत येण्याचा जोर गमावते व मागे कलंडण्याची भीती वाढते. वळण फारच सपाट असेल तर खुर्ची झुलण्याऐवजी धक्के देते. बैठकीवर जाड गादी टाकल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि खुर्ची थोडी कमी स्थिर होते, म्हणून गादी पाच-सहा सेंमीच्या पुढे नको. पट्ट्या पाठीमागे पुरेशा लांब असाव्यात. पूर्ण मागे रेलल्यावर टोके जमिनीला लागून झोका थांबला पाहिजे.

लाकडाच्या बाबतीत भिलाईचे हवामान कसोटी पाहते. मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी होते आणि लाकूड आकसते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि तेच लाकूड फुगते. उन्हाळ्यात कूलर लावला की त्याच्या समोरच्या वस्तूंना ओल सतत मिळते. अशा चढउतारात चांगले वाळवलेले सागवान सर्वांत कमी हलते. त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवीही सहसा लागत नाही. पण हा गुण गाभ्याच्या लाकडाचा आहे. बाहेरच्या पांढुरक्या भागाला कीड लागते, म्हणून पॉलिश करण्याआधी फळ्या पाहाव्यात. शिसम जड, मजबूत आणि रेखीव असतो. छत्तीसगडमध्ये बीजा म्हणतात ते बिबळ्याचे लाकूडही टिकाऊ आहे. साल हा छत्तीसगडचा राज्यवृक्ष. त्याचे लाकूड रेल्वेच्या स्लीपरसाठी वापरले गेले इतके कणखर असते, पण वाळताना ते तडकते आणि घडवायला जड जाते. रबरवुड आणि पाइनच्या तयार खुर्च्या स्वस्त असतात, त्यांना ओलीपासून आणि किडीपासून जपावे लागते. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची झुलती खुर्ची घेऊच नये. सतत हलणाऱ्या वस्तूत त्यातले स्क्रू सैल होतात.

वाकड्या पट्ट्या कशा केल्या आहेत, यावर खुर्चीचे आयुष्य ठरते. एका सरळ फळीतून वाकडा आकार कापला तर टोकांकडे लाकडाच्या रेषा आडव्या तुटतात आणि तिथेच पट्टी मोडते. पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून साच्यात वाकवलेली किंवा वाफेवर वाकवलेली पट्टी जास्त टिकते, कारण रेषा वळणाबरोबर वळतात. कडेने पाहिल्यास हे ओळखू येते. सांधे साळ आणि खाचेचे असावेत, नुसते खिळे नकोत. जिथे स्क्रू-बोल्ट आहेत तिथे दर तीन-चार महिन्यांनी ते आवळावेत. पावसाळा संपल्यावर एकदा नक्की. खुर्ची कुरकुरू लागली तर ते सांधा सैल झाल्याचे लक्षण आहे. तेल टाकून आवाज दाबू नये.

बैठकीला विणलेला वेत किंवा सुती पट्टी हवेशीर असते आणि उन्हाळ्यात घाम साचू देत नाही. वेत फार कोरडा पडला की तुटतो. अधूनमधून खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसल्यास लवचिक राहतो. रेक्झिन पुसायला सोपे, पण उकाड्यात त्रासाचे. गादी घट्ट फोमची आणि अभ्रा चेन लावून काढता येणारा, सुती, धुता येण्याजोगा असावा. दूध सांडणे, बाळाने ओकणे आणि मालिशचे तेल हे रोजचेच असते.

पॉलिश आणि रंगाचा प्रश्न बाळाच्या तोंडाशी येतो. दात येऊ लागले की मूल खुर्चीचा हात चावते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधी रंगवलेली जुनी खुर्ची घ्यायची असेल तर रंग खरवडण्याचे काम गर्भवतीपासून आणि बाळापासून दूर, घराबाहेर करवून घ्यावे. खरवडलेली धूळ ओल्या फडक्याने टिपावी, झाडू मारू नये. नवे मेलामाइन किंवा पीयू पॉलिश बरेच दिवस उग्र वास सोडते, म्हणून खुर्ची बाळंतपणाच्या महिना-दीड महिना आधी आणून हवेशीर जागी ठेवावी. जवसाच्या तेलाचा हात देताना वापरलेली फडकी गोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मगच फेकावीत.

सुरक्षेचे काही मुद्दे खुर्चीच्या रचनेत, तर काही वापरात आहेत. पट्टीखाली रांगत्या मुलाची बोटे सापडतात, म्हणून सातव्या-आठव्या महिन्यापासून खुर्ची रिकामी असताना पट्टीखाली लाकडी पाचर सरकवून ती अडवून ठेवावी. ग्लायडरमध्ये कुलूप-कळ असल्यास ती वापरावी आणि दांड्यांच्या फटींत बोट जात नाही ना, ते पाहावे. गुळगुळीत टाइल्सवर खुर्ची हळूहळू सरकते. पट्ट्यांखाली रबरी किंवा चामड्याची पट्टी चिकटवावी, किंवा न घसरणारी चटई घालावी. पडद्याची दोरी, कूलरची वायर आणि पाळण्याची दोरी खुर्चीच्या टप्प्यात नको.

सर्वांत महत्त्वाची खबरदारी झोपेची. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२२ मध्ये पुन्हा बजावले आहे, की बाळाला कायम पाठीवर, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर झोपवावे, आणि सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला कुशीत घेऊन मोठ्या माणसाला झोप लागणे अतिशय धोक्याचे आहे. बाळ आई आणि गादी यांच्या फटीत सरकून गुदमरू शकते. रात्री डोळे मिटू लागले तर खुर्चीवर बसून राहू नये. घरातल्या दुसऱ्या कुणाला, सासूबाईंना किंवा नवऱ्याला, हाक मारून बाळ सोपवावे. बाळाच्या नावाने विकले जाणारे छोटे रॉकर ही वेगळी वस्तू. त्यात बाळ बसते, पण त्यातही ते झोपू देऊ नये, कारण अर्धवट बसलेल्या स्थितीत हनुवटी छातीवर पडून श्वास अडू शकतो.

खरेदीचे मार्ग तीन आहेत. भिलाईतील सुपेला किंवा पॉवर हाउस भागातल्या बाजारात जाऊन तयार खुर्ची पाहता येते. ऑनलाइन घेतल्यास निवड जास्त, पण बसून पाहता येत नाही, म्हणून परत करण्याची अट आणि वजनाची मर्यादा आधी वाचावी. तिसरा मार्ग मिस्त्रीकडून करवून घेण्याचा. त्याला नुसते चित्र न दाखवता बसणारीच्या मापांचा कागद द्यावा, त्यात गुडघ्यामागची उंची, मांडीची लांबी आणि बसल्यावर कोपराची उंची लिहावी. पट्ट्या घरी पक्क्या करण्याआधी एकदा सैल जोडून झुलून पाहावे. जुनी खुर्ची मिळत असेल तर पट्ट्यांची टोके, पाठीचे सांधे आणि वाळवीची माती यांकडे आधी पाहावे. वेत नवा विणता येतो, मोडलेली पट्टी नीट बसत नाही.

दुकानातली चाचणी उभ्या-उभ्या होत नाही. घरून नेलेली घट्ट उशी हातात बाळासारखी धरून पंधरा मिनिटे बसावे. पावले टेकतात का, कोपर टेकतो का, मान वाकते का, हात न लावता उठता येते का, हे पाहावे. सातव्या-आठव्या महिन्यात पोट पुढे आलेले असताना ही चाचणी घेतलेली बरी. दोन्ही बाजूंना वजन टाकून पाहावे, खुर्ची एका बाजूला भटकत असेल तर पट्ट्या समान नाहीत.

झुलती खुर्ची ही सोय आहे, बाळाच्या वाढीची अट नाही. जिथे जागा किंवा पैसा नाही, तिथे भिंतीला लोड लावून जमिनीवर मांडी घालून बसणे, मांडीखाली घडी केलेली गोधडी घेऊन बाळ वर उचलणे आणि जोजवण्यासाठी पाळणा वापरणे, एवढे पुरते. मात्र ज्यांचे गुडघे दुखतात, पाठीचा त्रास आहे किंवा टाके आहेत, त्यांच्यासाठी योग्य मापाची खुर्ची हा अनावश्यक खर्च मानू नये. सागाची, साध्या रेषांची आणि बसणारीच्या मापाची खुर्ची पाजण्याच्या दोन वर्षांनंतर आजी-आजोबांच्या खोलीत जाते आणि पुढची अनेक वर्षे कामी येते.